सगुणाक्काची पुडी

"पण नियम तिनं मोडला, बुवा. मग कफनी माझी का अडली?"

पद्माकरनं हे तिसऱ्यांदा विचारलं. पहिल्या दोन वेळी बुवा पाणी पीत होते.

तिसऱ्यांदाही ते पाणीच पीत होते...

मी या मठाचा आचारी. हरबा म्हणतात मला. येरळेच्या काठावरच्या या मठात सव्वीस वर्षं भात शिजवतोय. ज्ञानबिन मला काही नाही. त्या सकाळी मी मागच्या अंगणात भोपळा चिरत बसलो होतो आणि हे दोघं चार हातांवर, भांडी घासायच्या कट्ट्यापाशी होते. कानावर पडलं ते सांगतो.

बुवांनी पेला रिकामा केला. आतून बोट फिरवलं आणि ते बोट पद्माकरपुढं धरलं.

"हे काय?"

"बोट."

"बोटावर?"

पद्माकरनं वाकून बघितलं.

"...थोडं ओशट आहे."

"किती दिवसांपासून असं आहे?"

"बुवा, सेवेकरी बायका नव्या आहेत. हात बसायला वेळ लागतो."

"सगुणाक्का कुठं आहे?"

"तेच तर सांगतोय. तिला काढलं."

"काढलंस ते कळलं. आहे कुठं?"

पद्माकरला ते माहीत नव्हतं. मला माहीत होतं, पण मला कुणी विचारलं नाही.

हा पद्माकर कोण ते आधी सांगायला हवं. पुण्यात कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता. बायको गेली, पोरगी परदेशात, मग हा तीन वर्षांपूर्वी आमच्याकडं आला. पहाटे चारला उठणार, थंड पाण्यानं आंघोळ, जेवायला एक वेळ. चहासुद्धा नाही. मी त्याला वाईट म्हणत नाही. वाईट माणसाशी निदान भांडता येतं, याच्याशी तेही जमायचं नाही.

बुवांनी त्याच्याकडं कोठीच्या किल्ल्या दिल्या. सहा महिन्यांत त्यानं मठात येणारा साबण बंद केला. मग फिनेल बंद. मग केसांचं तेल, दातांची पेस्ट, भांड्यांची पावडर, सगळंच बंद. मठात विकतचं काही येणार नाही, जे लागेल ते इथंच करायचं, असा त्यानं नियम केला. बुवांनी मान हलवली.

त्यातलं काही चांगलंही होतं. रिठ्याशिकेकाईचं पाणी डोक्याला झकास. तुरटी, लवंग आणि कोळशाचं त्याचं दंतमंजन मी अजून वापरतो. खोटं कशाला बोलू?

पण त्याचं नाव झालं ते भांड्यांच्या बाटलीमुळं.

दर रविवारी तो सभामंडपात टेबल मांडायचा. काचेच्या बरणीत धुण्याचा सोडा घ्यायचा आणि वरून लिंबाचा रस ओतायचा. फस्सकन फेस वर यायचा, बरणीबाहेर सांडायचा. बाया "अगं बाई!" करायच्या. कुणी मोबाइल वर धरायचं.

"हा जोर बघा," पद्माकर म्हणायचा. "आपल्या घरातलाच जोर. आपण तो विसरलो आणि दुकानात पैसे मोजत बसलो."

फेस बसला की तेच पाणी गाळून बाटल्यांत भरायचा. आणि पाठीमागं भिंतीला लावून ठेवलेल्या आमच्या पितळी पराती दाखवायचा. अशा लख्ख की त्यात आपलं तोंड बघून भांग पाडावा.

"गेली दोन वर्षं याच पाण्यानं घासतोय."

लोक टाळ्या वाजवायचे, बाटल्या घेऊन जायचे. सगुणाक्का खांबाआड उभी असायची. पदर तोंडाशी, नजर खाली. मला वाटायचं, लाजते बिचारी.

एकवीस वर्षं ती मठाची भांडी घासत होती. नवरा नाही, मूल नाही. गोठ्यामागच्या खोलीत राहायची. ती खोली आणि महिन्याचा पगार, एवढाच तिचा संसार.

गेल्या सोमवारी बुवा मिरजेकडं कुणाच्या तरी दिवसकार्याला गेले होते. त्या दिवशी पद्माकरला कट्ट्यामागच्या दगडाखाली एक रिकामी पुडी सापडली. भांड्यांच्या पावडरीची, दुकानातली. त्यानं तिची पिशवी उघडायला लावली. पिशवीत आणखी एक निघाली, भरलेली.

संध्याकाळच्या आरतीनंतर सगळ्यांना थांबवलं त्यानं. पुडी दोन बोटांत धरून वर केली.

"हे आपल्या मठात चाललंय," तो म्हणाला. "आपल्याच माणसाकडून."

सगुणाक्का काही बोलली नाही. मीही काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यामागच्या खोलीला कुलूप होतं.

हे झालं तेव्हा उत्सवाला चार दिवस उरले होते. उत्सवात बुवा पद्माकरला कफनी घालून दीक्षा देणार होते. त्याच दिवशी त्याचं पुस्तक निघणार होतं, घरच्या घरी काय काय करता येतं त्याचं. पुस्तकांचे गठ्ठे माझ्या कोठीत येऊन पडले होते, तांदळाच्या पोत्यांवर. मुखपृष्ठावर आमच्या परातींचा फोटो होता.

आणि उत्सवाच्या आदल्या सकाळी परतलेले बुवा पहिल्या घोटालाच म्हणाले, "उद्या कफनी नाही."

तिथून हे सगळं सुरू झालं होतं.

"हरबा," बुवांनी मला हाक मारली. "काल बुंदी तळलीस ती कढई कुठंय?"

"मोरीत पडलीय, बुवा."

"आण."

मी आणली. मोठी कढई, शेंगदाण्याच्या तेलाचा थर बसलेला. कडेला बेसन करपून चिकटलेलं. कट्ट्यावर ठेवली.

"पद्माकर, घास."

"मी?"

"तुझं पाणी आहे. तुझ्यापेक्षा चांगलं कोण घासणार?"

पद्माकर हसला. खरं सांगायचं तर त्याला बरंच वाटलं. परीक्षा घेतायत, असं त्याला वाटलं असणार. बाह्या सारल्या, काथ्या घेतला, बाटलीतलं पाणी शिंपडलं आणि बसला.

मी भोपळा संपवला. मग मिरच्या घेतल्या. मिरच्या संपल्या.

कढई होती तिथंच होती. तेल इकडून तिकडं जायचं, पण निघायचं नाही. पद्माकरनं दुसरी बाटली उघडली, मग तिसरी. गरम पाणी मागितलं, मी दिलं. काथ्या तेलानं लडबडला, तो टाकून दुसरा घेतला. मनगटापर्यंत हात ओशट. कपाळावरचा घाम पुसायला गेला तर कपाळही ओशट झालं.

"कंबर धरली का?" बुवांनी विचारलं.

"...थोडी."

"ही एक कढई. उत्सवात किती असतात, हरबा?"

"कढया सात. पराती अकरा. तपेली वेगळी. आणि दोनशे ताटं."

पद्माकर घासत राहिला...

शेवटी त्यानं काथ्या खाली ठेवला.

"बुवा, हे तेल जास्त करपलंय. हरबानं आच जास्त ठेवली."

आता माझी आच! एरवी मी ऐकून घेतलं असतं. पण त्याला मी काय बोलणार? चार दिवस तोंड शिवून बसलेला माणूस मी.

"दोन वाट्या आण," बुवा त्याला म्हणाले. "आणि तुझा सोडा. आणि एक लिंबू."

पद्माकरनं आणलं. बुवांनी दोन्ही वाट्यांत सोडा टाकला आणि गरम पाणी घातलं. एका वाटीत लिंबू पिळलं, रस संपेपर्यंत. फेस आला, वाटीबाहेर सांडला आणि बसला.

"हिच्यात बोटं घाल. चोळ."

पद्माकरनं चोळली.

"कसं लागतं?"

"पाण्यासारखं."

"आता दुसरीत."

दुसरीत नुसता सोडा होता. पद्माकरनं बोटं चोळली आणि थांबला.

"बुळबुळीत आहे."

"ओत कढईत."

ओतलं. बुवांनी स्वतः काथ्याचा एक हात मारला. कढईच्या पोटात तळहाताएवढी जागा स्वच्छ झाली. लोखंड दिसलं.

पद्माकर त्या जागेकडं बघत बसला.

"सोडा तेलाला खातो," बुवा म्हणाले. "लिंबू पितळेच्या डागाला खातं. एका बाटलीत घातले की दोघं एकमेकांना खातात. तुझा जोर तो बरणीतच संपतो."

"हे... हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"नाही. काल मिरजेच्या स्टँडवर कळलं. तिथं सगुणाक्काची भाची भेटली. तिला तिच्या मावशीनं सांगितलेलं, तिनं मला सांगितलं."

"आणि मावशीनं मला का नाही सांगितलं?"

बुवांनी माझ्याकडं बघितलं. आता मला बोलणं भाग होतं.

"सांगितलं होतं, दादा," मी म्हणालो. "पहिल्याच महिन्यात. माझ्यासमोर. 'सोडा येगळा द्या, लिंबू येगळं द्या,' म्हणाली. तुम्ही हसलात. म्हणालात, अक्का, यामागं शास्त्र आहे."

पद्माकरला ते आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं, त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

"पण मग..." तो हळूच म्हणाला. "पराती तर चमकत होत्या. दोन वर्षं."

मी मिरच्यांची देठं गोळा करायला लागलो.

"बुवा, पराती चमकत होत्या..."

"हरबा," बुवा म्हणाले, "पुडी ती कधीपासून आणत होती?"

सांगायला लाज वाटली. तरी सांगितलं.

"दोन वर्षं, बुवा. सोडा कोठीत कुलपात गेला, तिला नुसता मिळेना, तेव्हापासून. स्टँडवरच्या दुकानातनं आणायची. स्वतःच्या पगारातनं. ओटीत लपवून. मी बघायचो."

पद्माकरचं तोंड उतरलं. काथ्यातनं पाणी ठिबकत होतं, त्याच्या धोतरावर पडत होतं, त्याला भान नव्हतं. मला त्याची दया आली, आणि राग आला, आणि माझा मलाही राग आला. त्या रविवारच्या टाळ्यांत दोन टाळ्या माझ्याही असायच्या.

"तुम्हालाही नाही कळलं?" त्यानं बुवांना विचारलं.

"नाही. मी चकाकी बघून खूश होतो. म्हणायचो, माझा पद्माकर काय हुशार आहे." बुवांनी धोतराला हात पुसले. "मी मूर्ख ठरलो ते ठरलो. तू काय करणार ते सांग."

"तिला परत आणतो."

"आण. ती आली की कफनीचं बघू. हरबा, तू बरोबर जा. गप्प बसायला तूही होतास."

ते बरोबरच होतं. मी पंचा खांद्यावर टाकला आणि निघालो.

सगुणाक्का होती तासगावच्या रस्त्यावर, एका मंगल कार्यालयाच्या मागच्या बाजूला. लग्न होतं आत. बँड वाजत होता. ती आणि आणखी दोघी ताटांच्या ढिगाऱ्यामागं बसल्या होत्या. आम्हाला बघून ती उठली नाही. उठायला तिला आधी गुडघ्यावर हात टेकावे लागतात.

"या," एवढंच म्हणाली.

पद्माकर तिच्यासमोर उकिडवा बसला. हे मी कधी बघितलं नव्हतं.

"अक्का, माझं चुकलं."

"ऱ्हाऊ द्या वो."

"तुम्ही दोन वर्षं स्वतःचे पैसे घातलेत. कशासाठी?"

ती त्याच्याकडं बघत राहिली. याला काय सांगायचं, असं.

"कशासाठी म्हंजे? तुमच्या पान्यानं तेल जातंय व्हय? दोनशे मानसाची भांडी. निसतं घासत बसलं तर दिवस मावळतो. गुडघं धरत्यात. पुडी असली की दोन तास आधी उठायला मिळायचं. ते दोन तास मी इकत घ्यायची."

"मला परत सांगायचं होतंत..."

"येकदा सांगितलं. हसलासा. परत कशाला सांगू?"

आतून अक्षता पडल्याचा गलका झाला. एक माणूस आणखी ताटं आणून ओतून गेला. तिनं पावडरीत हात बुडवला. बोटांच्या पेरांवर चिरा होत्या, त्यात पांढरं भरलं होतं.

"चला मठात," पद्माकर म्हणाला. "तुमची खोली तशीच आहे. उद्या उत्सव आहे."

तिचा हात थांबला. मी बघत होतो. त्या खोलीचं नाव निघालं आणि तिचा चेहरा हलला. इथं ती भाचीच्या पडवीत झोपत होती, भाचीच्या सासूच्या मर्जीवर. एकवीस वर्षांची तिची खोली, दारात तिनं लावलेली तुळस. यायचं होतं तिला, अगदी मनापासून यायचं होतं.

"येते की," ती म्हणाली. "दोन गोष्टी करा."

"सांगा."

"पुडी मठानं आनायची."

पद्माकरनं धोतराचा सोगा सावरला.

"...बघू. दुसरी?"

"आरतीम्होरं चारचौघात ती पुडी वर धरून दावलीसा. मला चोर केलंसा. तशीच उद्या धरा. त्याच लोकांम्होरं. आन सांगा, पराती ह्या पुडीनं चमकत हुत्या."

पद्माकर ताटांच्या ढिगाकडं बघायला लागला.

"येवढंच," ती म्हणाली. "मला लुगडं नको, पगार वाढवून नको. येवढंच सांगा."

"अक्का, उद्या बाहेरची माणसं येणार. सांगलीची, पुण्याची. पुस्तक निघणार आहे. त्यावर त्याच परातींचा फोटो..."

"मग बरंच हाय की. सगळ्यास्नी दिसंल."

"मी तुमची हवी तेवढी माफी मागतो. इथं मागतो. पायावर डोकं ठेवतो."

"हितं कोन हाय?" ती म्हणाली. "हितं मला कुनी चोर म्हनालंच न्हाई."

पद्माकर खरंच वाकला तिच्या पायाशी. तिनं पाय मागं घेतले. शेजारच्या दोघी तोंडाला पदर लावून बघत होत्या. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"हरबा," ती मला म्हणाली, "यास्नी घरला न्या. माजी ताटं व्हायचीत."

आम्ही निघालो.

वाटेत मी दोनदा बोलून बघितलं. म्हटलं, "दादा, पाच मिनिटांचं काम आहे. उद्या आरती झाली की उभं राहायचं, पुडी धरायची, सांगायचं आणि बसायचं. लोक दोन दिवस बोलतील आणि विसरतील. ती म्हातारी आपल्या खोलीत येईल."

"तुला कळत नाही, हरबा," तो म्हणाला. "माझ्याबद्दल लोक काय म्हणतील याची मला पर्वा नाही. पण इतक्या लोकांनी हे उचललंय. इतक्या घरांत ते पाणी आहे. त्यांची श्रद्धा तुटेल."

"त्यांची भांडी निघत नसतील, दादा. त्यांना ते आधीच कळलं असेल."

तो भरभर चालायला लागला.

पुलावर आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. खाली नदीत बायका धुणं आपटत होत्या. पद्माकर कठड्याला धरून उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला. मग वळला तर त्याचा चेहरा एकदम मोकळा झालेला. डोळ्यांत पाणी होतं.

"सुचलं, हरबा," तो म्हणाला. "बुवांना काय सांगायचं ते सुचलं."

माझं मन भरून आलं. म्हटलं, चला, आला शुद्धीवर. उद्या सकाळी तिच्यासाठी आल्याचा चहा ठेवायचा, असंही मी ठरवून टाकलं. असा मी भोळसट.

बुवा मागच्या अंगणातच होते. कढई तशीच कट्ट्यावर होती, पोटात तळहाताएवढी स्वच्छ जागा घेऊन.

पद्माकरनं त्यांना साष्टांग नमस्कार घातला.

"आली का?" बुवांनी विचारलं.

"नाही, बुवा. पण त्याहून मोठं काही सापडलं."

"काय?"

पद्माकर गुडघ्यांवर बसला. हात जोडले. आवाज कापत होता आणि तो कापरा आवाज खोटा नव्हता. म्हणून तर मला अजून त्याची चीड येते.

"माझा अहंकार गेला, बुवा. आज तिच्या पायाशी वाकलो तेव्हा गेला. मला कफनी नको. उद्याही नको, पुढंही नको. तिनं एकवीस वर्षं जे केलं तेच मी करीन. तिच्या जागी मी बसेन. सगळी भांडी, सगळ्या कढया, रोज. मरेपर्यंत. हीच माझी दीक्षा."

बुवा ऐकत होते.

"आणि पुडी?"

"पुडी लागणारच नाही. नुसत्या सोड्यानं घासेन. कितीही वेळ लागू दे, वेळ माझा जाईल."

"आणि उद्या लोकांना सांगायचं काय?"

"काहीच सांगायला नको, बुवा. तेच तर सुचलं मला. मी स्वतः भांडी घासताना लोक बघतील, याहून जास्त काय सांगायचं? पुस्तकही निघू दे. कुणाची श्रद्धा तुटणार नाही, मठाचा नियम मोडणार नाही. तिला बोलवायचीही गरज उरली नाही. या वयात तिला कष्ट तरी कशाला? मी आहे. सेवा म्हणून करीन. एक पैसा न घेता..."

तो थांबला. डोळे मिटले होते. गालावरून पाणी ओघळत होतं. डोक्यावर हात ठेवतील म्हणून त्यानं मान खाली झुकवली.

बुवांचा हात उठला नाही.

गोठ्यात गाय हंबरली. मी चूल पेटवायची म्हणून उठलो होतो, तो तसाच उभा राहिलो...

"म्हणजे, पद्माकर," बुवा म्हणाले, "आता तिचा पगारही वाचला."